बनवलेल्या राक्षसांची पुरवणी

सुरेशकाकाला कावीळ झाली नसती तर आमच्या घरात राक्षस आलेच नसते. काका म्हणजे आमच्या अण्णांचा सगळ्यांत धाकटा भाऊ. मुंबईला वसतिगृहात राहून इंजिनियरिंग शिकायचा. आईचं लग्न झालं तेव्हा तो चड्डीत होता आणि तिनंच त्याला वाढवला म्हटलं तरी चालेल. आई गेली ती उन्हाळ्यात. तार पोचायला उशीर झाला, काका आला तोवर सगळं उरकलं होतं. तो रडला नाही, परीक्षा होती म्हणून परत गेला. पावसाळ्यात पुन्हा आला तेव्हा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग पार पिवळा झाला होता. हातात पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत चार कपडे आणि एक पातळ इंग्रजी पुस्तक. ते त्याच्या खोलीतल्या मित्राचं, आणि मित्राला त्याच्या अमेरिकेतल्या भावानं पाठवलेलं. कॉलेजची पुस्तकं मात्र त्यानं आणली नव्हती. आजारी माणूस सामान बांधतो तेव्हा काय उचलतो याला काही नियम नसतो.

आमचं घर म्हणजे गिरणीच्या मागच्या चाळीतल्या दोन खोल्या. पुढं पत्रा टाकलेली जागा, तिथं पाण्याचा हौद आणि पाय धुवायची मोरी. आसपास तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं होती, त्यांच्या घराघरांत माग. दिवसभर खटखट चालायची, आणि दुपारी वीज गेली की त्या अचानक शांततेनं पाळण्यातली पोरं दचकून उठायची. गिरणीचा भोंगा पाळीपाळीला वाजायचा. अण्णा लूम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांची देखरेख-दुरुस्ती त्यांच्याकडं. पहिली पाळी असली की पहाटे जायचे, दुपारचा भोंगा झाला की थोड्या वेळानं मोरीवर पाण्याचा आवाज यायचा, मग कळायचं अण्णा आले. आई गेल्यावर यांतला एकही आवाज कमी झाला नाही. मला त्याचं नवल वाटलं होतं, आणि राग येईल असंही वाटलं होतं, पण तो आला नाही.

मी तेव्हा नववीत होते, म्हणजे नाव नववीच्या पटावर होतं. शाळा सुरू झाल्यापासून मी गेलेच नव्हते. सकाळी पाणी भरायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, धाकट्या मंगलची वेणी घालून तिला शाळेत पाठवायचं. मंगल दुसरीत होती. मोहोळहून अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, आली होती, ती सांगायची आणि मी करायचे. "इमे, ज्वारी निवडून ठेव." ठेवली. "इमे, कपडे आत घे, आभाळ आलंय." घेतले. आत्या वाईट नव्हती, उलट लई मायाळू होती, पण तिची माया कामातून वाहायची. बायका येऊन माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या, डोळे पुसायच्या आणि म्हणायच्या, पोर किती शहाणी, डोळ्यांत पाणी नाही. शहाणपणाचा काही संबंध नव्हता. एकदा भाकरी उलटताना माझी बोटं तव्याला टेकली, आणि जळल्याचा वास आला तेव्हा मी इकडंतिकडं बघायला लागले, काय जळतंय म्हणून. मला काहीच वाटत नव्हतं. काही वाटत नाही याचीच तेवढी थोडी भीती वाटायची, तीही हळूहळू गेली.

काका पुढच्या खोलीत लोखंडी खाटेवर पडून असायचा. त्याचं पथ्य म्हणजे मऊ भात, ताक आणि उसाचा रस. तेल नाही, तिखट नाही. आम्हा सोलापूरकरांना शेंगांच्या चटणीशिवाय घास उतरत नाही, आणि काका तर चटणी भाकरीला लावून नव्हे, भाकरी चटणीला लावून खाणारा. मी उखळात शेंगदाणे कुटायला बसले की तो भिंतीकडं तोंड करून झोपायचा. आत्यानं त्याला एका माणसाकडं नेऊन काविळीची माळ घालून आणली होती. कसल्या तरी काड्या दोऱ्यात गुंफलेली ती माळ आधी डोक्यावर टोपीसारखी बसते, आणि कावीळ उतरेल तशी लांबत लांबत गळ्यात, मग छातीवर येते. इंजिनियर होऊ घातलेला माणूस ती माळ घालून पडलेला, आणि डॉक्टरच्या गोळ्याही घेतोय. कशानं बरं वाटलं विचारलं तर म्हणायचा, "दोगांनी मिळून." आज माझ्या औषधांच्या डब्याकडं बघून मलाही तसंच काहीसं उत्तर सुचतं.

कंटाळला तेव्हा त्यानं ट्रंकेतून ते पुस्तक काढलं. वसतिगृहात ही मुलं रात्ररात्र एक खेळ खेळायची, त्या खेळाची ती पुरवणी होती. मूळ पुस्तक मित्राकडंच राहिलं होतं, पण नियम काकाला पाठ होते. मला त्यानं समजावून सांगितलं ते असं. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सांगणारा. तो म्हणतो, तू एका गुहेच्या तोंडाशी उभी आहेस, आत पाण्याचा आवाज येतोय, काय करतेस? आपण सांगायचं काय करते ते. जमलं का नाही हे फासा ठरवणार. फासा मात्र वेगळाच होता, वीस बाजूंचा, निळा. तो मंगलनं हातात घेतला आणि दोन दिवस परत दिला नाही. "आणि जिंकतं कोण?" मी विचारलं. काका म्हणाला, "कुणी न्हाई." "मग संपतो कवा?" "कंटाळा आला की." हे ऐकून आत्या आतून म्हणाली, "मंजी संसारच की."

पुरवणीत होते ते सगळे राक्षस बनवलेले. जन्मलेले नव्हेत, कुणी मांत्रिकानं किंवा कारागिरानं घडवलेले. मातीचा, लोखंडाचा, काचेचा, गवताचा, मेलेल्यांच्या अवयवांचा. प्रत्येकाचं काळ्या शाईतलं चित्र आणि खाली माहिती, कशाचा बनतो, किती घाव सोसतो, कोणता हुकूम पाळतो. काका वाचायचा, मराठीत सांगायचा, अडलं की हातवारे करायचा. मंगल चित्रांवर बोट ठेवून तासन्‌तास बघत बसायची. मग आम्ही आमचे बनवायला लागलो, कारण गुहा आणि किल्ले आमच्या डोळ्यांपुढं येईनात. काकानं गुहेऐवजी गिरणी घेतली, बंद पडलेली, अंधारी, आणि तिच्यात आमचे राक्षस सोडले. कडब्याचा एक, तो पेटायचा. बॉयलरच्या राखेचा एक, तो फुंकर मारली की विस्कटायचा आणि पुन्हा जमायचा. मी घेतला तो खात्यात झाडून काढलेल्या रद्दी सुताचा. मंगलनं त्याचं नाव सुताडी ठेवलं. पुरवणीच्या नियमानं मंगल तिची मालकीण आणि मी सुताडी.

मला ती का आवडली हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. बाकीच्यांना, म्हणजे माणसांना, अंधारात काही दिसलं की फासा टाकून बघावं लागायचं, भीती वाटते का. बनवलेल्यांना ते नव्हतं. त्यांना भीती वाटत नाही, झोप येत नाही, भूक लागत नाही, दुःख होत नाही, असं त्या पुस्तकात स्वच्छ छापलं होतं आणि त्यात कुणाला काही गैर वाटत नव्हतं. बायकांसारखं कुणी डोक्यावरून हात फिरवून शहाणी म्हणत नव्हतं. काका विचारायचा, "सुताडी, तुझ्यावर मागाचा पट्टा तुटून पडलाय. काय करतीस?" मी म्हणायचे, "काय न्हाई. हुकूम काय हाय?" मंगल म्हणायची, "चाल म्होरं." आणि मी पुढं चालायचे. त्या पावसाळ्यात मला बरं वाटलं असेल तर तेवढंच.

आत्याचा जीव मात्र टांगणीला लागला होता. मोहोळात तिच्या सुनेचं बाळंतपण दसऱ्याच्या सुमारास होतं, त्याआधी तिला परतायचं होतं. एके दिवशी अण्णा जेवायला बसले असताना तिनं ताटात भाकरी वाढता वाढता बोलून टाकलं. आम्ही दोघी तिथंच होतो. लपवून बोलायची तिला सवय नव्हती.

"नामा, मी दसऱ्यापातुर हाय. म्होरं कसं करनार ते तू बोल. माढ्याला एक पोरगी हाय. आजारी बापाचं करता करता वय निगून गेलंय, पर सबाव लई गरीब. करायचं तर वर्साच्या आत करावं लागतंय, न्हाईतर मग तीन वर्सं थांबा. आन नसंल करायचं तर इमलला शाळा सोडू दे. दोन्हीतलं एक कर."

अण्णांनी भाकरी मोडली. "बगू," म्हणाले.

"कवा बगनार? शाळंतल्या बाईंनी निरोप धाडलाय, गणपतीच्या सुट्टीनंतर पोरगी आली न्हाई तर नाव काडतेत पटावरचं."

"बगू की अक्का," अण्णा पुन्हा म्हणाले, आणि ताटावरून हात धुवायला उठले. जेवण अर्धं राहिलं होतं. आत्यानं माझ्याकडं बघितलं. मी ताट उचललं. शाळा सुटली तर मला काय वाटेल याचा मी विचार करून बघितला. मला भूमिती येत होती. नकाशा काढायला आवडायचा. हे मला माहीत होतं, जशी आपल्याला दुसऱ्या कुणाबद्दल माहिती असते तशी. शाळेत जायचंय हे मला समजत होतं, पण हवंसं काही वाटत नव्हतं, आणि न वाटता मागायचं कसं ते कळत नव्हतं.

मग लक्ष्म्यांचे दिवस आले. बाकीकडं गौरी म्हणतात, आमच्याकडं लक्ष्म्या. दरसाल माळ्यावरून त्यांचे लोखंडी साचे उतरवायचे, त्यांना लुगडी नेसवायची, वर मुखवटे बसवायचे की दोन बाया घरात उभ्या राहायच्या. त्या वर्षी घरात सण नव्हता, साचे माळ्यावरच होते. मंगलनं विचारलं, "आत्या, लक्ष्म्या बी बनवलेल्याच की. मग त्यास्नी राक्षस का म्हनत न्हाईत?" काका त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच खळखळून हसला. आत्यानं तोंडावर हात मारून घेतला, पण उत्तर दिलं. "त्यास्नी बोलवावं लागतंय बाळ. नुसतं लुगडं नेसवून लक्ष्मी हुत न्हाय." हे खरं होतं. मुखवटा हातात घेऊन आई उंबऱ्याबाहेर उभी राहायची, आत्या नाहीतर शेजारीण आतून विचारायची, कोण आलं, कशाच्या पावलांनी आलं, काय घेऊन आलं. आई लक्ष्मीच्या वतीनं उत्तरं द्यायची. प्रत्येक खोलीच्या दाराशी पुन्हा तेच विचारायचं, पुन्हा उत्तर द्यायचं. विचारणारीला ठाऊक असायचं की बोलणारी घरातलीच आहे, तरी ती खाली मान घालून, पदर सावरून विचारायची.

शेजारच्या घरांतून पुरणाचे वास येत होते. दुखवट्याच्या घरी म्हणून कुणीकुणी ताटं आणून दिली होती. पण आत्यानं गोड पदार्थ बाजूला ठेवून नुसत्या भाज्या वाढल्या, आणि मंगल रुसून बसली. तिची समजूत काढायला म्हणून काकानं दुपारी डाव मांडला. आत्या आत चूल सारवत होती. माळ काकाच्या छातीवर आली होती. सुताडी गिरणीच्या जिन्यात होती आणि वर राखेचा राक्षस. मंगलला पुढं जायचं नव्हतं. फासा हातात चोळत बसली, मग म्हणाली, "सुताडी, आता तू आई हो."

काका म्हणाला, "तसं न्हाई हुत मंगे. सुताडीला रूप बदलता येत न्हाई."

"हुकूम हाय," मंगल म्हणाली. "हुकूम मोडता येत न्हाई. तूच वाचून दावलंस की."

 नियमच तसा होता. काकानं माझ्याकडं बघितलं, आणि त्या बघण्यात नको असं होतं का कर असं होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तोंड उघडलं. नक्कल करायची म्हणून केली नाही. आईचा आवाज जरा घोगरा होता आणि वाक्याच्या शेवटी ती श्वास सोडायची, हे मला कधी वेगळं ध्यानात ठेवलेलं आठवत नाही, पण तो आवाज आला.

"भावजी," मी म्हणाले, "माळ कुटवर उतरली बगू?"

आईनं ती माळ पाहिलेली नव्हती. पण असती तर तिनं हेच विचारलं असतं, याच शब्दांत. काकाचा हात आपोआप माळेकडं गेला. मंगल हसत होती, दोन्ही गुडघे जवळ घेऊन, अगदी खुशीत. "मंगे, फ्रॉक खाली वड, भुईवर बसलीयास," मी म्हणाले, आणि तिनं फ्रॉक ओढून घेतला. मोरीवर पाणी वाजलं. भोंगा होऊन गेला होता, आमच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या तोंडून पुढचं निघून गेलं. "अवो, आलाव का? पाय धुवा आदी, मग आत या."

"आलो, आलो गं," बाहेरून अण्णा म्हणाले.

ते सहज म्हणाले. दमलेला माणूस रोज म्हणतो तसं. मग तांब्यातलं पाणी पडायचं थांबलं. आत आत्याचा सारवायचा हात थांबला असावा, कारण तिची बांगडी वाजेना. शेजारचे माग चालू होते म्हणून बरं. अण्णा आत आले तेव्हा त्यांचा एकच पाय ओला होता. त्यांनी आम्हा तिघांकडं बघितलं, खुंटीवर सदरा अडकवला आणि माठातलं पाणी पिऊन पुन्हा बाहेर जाऊन बसले. बोलली ती आत्या. शेणानं भरलेल्या हातानं तिनं ते पुस्तक उचललं आणि माळ्यावर भिरकावलं. "भरल्या घरात मेलेल्या मान्साला नाचवता व्हय रं? तू शिकलेला ना सुऱ्या?" काका म्हणाला, "अक्का, चुकलं." आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. त्याचे खांदे हलत होते. मला दिसत होतं तो रडतोय, आणि मी विचार करत होते की पुस्तकाला शेण लागलं, मित्राला परत कसं देणार.

लक्ष्म्या जायच्या दिवशी आत्या मंगलला घेऊन शेजारी हळदीकुंकवाला गेली. काका डॉक्टरकडं गेला होता. अण्णांची सुट्टी होती. मी उखळापाशी बसून चटणीचे शेंगदाणे कुटत होते. अण्णा येऊन माझ्यासमोर बसले. असे ते कधी बसायचे नाहीत. माझ्या हाताकडं बघत राहिले. त्यांच्या बोटांना गिरणीच्या तेलाचा वास कायम असायचा, सुट्टीच्या दिवशीही.

"इमल," ते म्हणाले, "त्या दिवशी बोललीस तसं एकदा बोल."

मी हात थांबवला. "कशाला अण्णा?"

"एक इचारायचंय तिला." मग घाईनं म्हणाले, "तू हाईस ही कळतंय मला. मी काय येडा न्हाई. पर मी दुसऱ्या कुनाला इचारू? अक्काला तर उत्तर आदीच ठावं हाय."

 हुकूम झाला की पाळायचा, एवढंच मला त्या दिवसांत येत होतं. अण्णांनी मान खाली घातली, उंबऱ्याच्या आतून बाया विचारतात तशी, आणि भुईकडं बघत विचारलं, "बरी हाईस का?"

या प्रश्नाला मी तयार नव्हते. ते लग्नाचं विचारतील हे मला कळलं होतं. "बरी हाय," मी म्हणाले, आणि आवाज आला, घोगरा, शेवटी श्वास सोडलेला. अण्णांनी डोळे मिटले.

"अक्का म्हनती लगीन कर. न्हाईतर इमलची शाळा जाती. मला काय सुदरंना झालंय. काय करू?"

मी मुसळ धरून बसले होते. खरं सांगायचं तर मी फार विचार केला नाही. आई काय म्हणाली असती ते शोधत बसले नाही. भावजींची माळ जशी आपोआप आली होती तसं काही आलं नाही. तिथं काहीच आलं नाही, एक रिकामी जागा होती, आणि त्या जागेत मला भूमिती दिसली, नकाशा दिसला, पटावरचं माझं नाव दिसलं. उन्हाळ्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. इतकं, की छातीत दुखलं. ते मला माझ्या तोंडानं मागता आलं नसतं.

"करा," मी आईच्या आवाजात म्हणाले.

मग मीच पुढं बोलले.

"पोरीस्नी जीव लावनारी बगून आना. आन इमलला शाळंत धाडा. तिला घरात बसवू नगा."

"बरं," अण्णा म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं." मग त्यांनी उखळाबाहेर उडालेले दोन-चार दाणे उचलून परत आत टाकले, आणि बाहेर जाऊन आत्याची वाट बघत बसले. मी चटणी पुरी केली. मीठ दोनदा पडलं, त्या दिवशीची चटणी कुणाला खाववेना.

सुट्टी संपली तशी मी शाळेत गेले. अण्णा स्वतः पोचवायला आले होते, बाईंशी बोलताना टोपी हातात घेऊन उभे होते. काका बरा होऊन मुंबईला गेला, जाताना पुस्तक ओल्या फडक्यानं पुसून घेऊन गेला. मित्रानं काही विचारलं का ते मला माहीत नाही. त्या खेळाचं नाव पुढं कुणी काढलं नाही. वर्षाच्या आत माढ्याची बाई घरात आली. तिला आम्ही मावशी म्हणायला लागलो. लोकांना सावत्र आईच्या गोष्टी ऐकायला आवडतात आणि माझ्याकडं सांगायला तशी एकही नाही. ती पहिल्या दिवशी मंगलची वेणी घालायला बसली तर पेड तिच्या हातातून दोनदा सुटले. ती घाबरलेली आहे हे बघून मला हायसं वाटलं. मी रात्री तिच्याशेजारी झोपले, आणि कारण नसताना हुंदके देऊन रडले. आईसाठी आलेलं ते पहिलं रडू. मावशीनं पांघरूण माझ्या अंगावर सरकवलं.

मी शिकले, मास्तरीण झाले, तीसेक वर्षं पोरांना भूमितीच शिकवली. ज्या आवाजानं मला शाळेत घातलं तो पुढं मी कधी काढला नाही. अण्णांनी पुन्हा सांगितलं नाही आणि मंगलनं एकदोनदा हट्ट केला तेव्हा जमलं नाही. घसा तोच, पण यायचाच नाही. त्याचं मला फार काही वाटलं नाही. आईचा खरा आवाज आपल्याजवळ आहे, लागेल तेव्हा आठवेल, असं मी धरून चालले होते. तेव्हा आमच्या घरात फोटोच एक होता, आवाज भरून ठेवायचं यंत्र कुठलं असायला. पुढं केव्हा तरी, माझी मुलगी बाळंतपणाला आली होती तेव्हा, मी एकटी बसून तो आठवायला गेले. घोगरा होता हे आठवलं. वाक्याच्या शेवटी ती श्वास सोडायची हेही आठवलं. आवाज मात्र आला तो तेरा वर्षांच्या पोरीचा. उखळापाशी बसून मोठ्या बाईसारखं बोलणाऱ्या पोरीचा. त्याच्या पलीकडं जायला वाटच नव्हती. मी खूप प्रयत्न केला.

हे मी कुणाला बोलले नव्हते. अण्णा शेवटची काही वर्षं माझ्याकडं होते, मावशीही होती. अण्णांना कमी ऐकू यायला लागलं होतं. एका सकाळी अंगणात ऊन खात बसलो असताना ते आपणहून म्हणाले, "इमल, तुज्या आईचा आवाज कसा हुता गं?"

मला खोटं बोलावंसं वाटेना. "मला न्हाई आठवत अण्णा. तुमाला?"

 ते हातातली काठी भुईवर टेकवत राहिले.

"मला तुजाच आठवतो," ते म्हणाले. "करा म्हनलेला."

मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. आतून मावशीनं न्याहारीला हाक मारली. त्यांना ऐकू गेली नाही, म्हणून मी त्यांना हाताला धरून उठवलं.